भिंतीवर चालणारे पप्पा

मी नेमकं काय करते, हे नांदेडात आजवर एकाही माणसाला समजावून सांगता आलेलं नाही, आणि आता मी तो नाद सोडलाय. आधी सरळ सांगायचे. नाच बसवते. तो कॅमेऱ्यात घेते. मग अंगाला सेन्सरच्या पट्ट्या बांधून तीच हालचाल कॉम्प्युटरात घालते, आणि त्यातून जी आकृती तयार होते ती भिंतीवर, पडद्यावर, एकदा तर पाण्याच्या टाकीवर नाचवते. ऐकणारा मान डोलावतो, चहाचा घोट घेतो आणि विचारतो, "मग नाचतं कोण?" मी म्हणते, मी. "मग तुमीच समोर नाचा की मॅडम! भिंतीला कामून तरास?"

पोटापाण्यासाठी मी शाळांची स्नेहसंमेलनं बसवते. चाळीस पोरांना मोर करते, त्यातल्या दोघांना मोर व्हायचं नसतं, त्यांना झाड करते. उरलेल्या वेळात माझं खरं काम. त्या खऱ्या कामाचे प्रेक्षक म्हणजे माझी धाकटी बहीण आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ, तेही मशीन नीट चालतंय का एवढंच बघतात.

पप्पा कंडक्टर होते. नांदेड-बिलोली गाडीवर त्यांची जिंदगी गेली. मी आधुनिक नृत्य शिकायला बाहेरगावी निघाले तेव्हा ते म्हणाले, "हलायला शिकायला एवढ्या लांब जायचं? माझ्या गाडीत चढ की, बिलोलीपर्यंत फुकट हालशील." एवढं बोलून माझी बॅग त्यांनी स्वतःच उचलली आणि स्टँडवरच्या गर्दीला "पुढं सरका, पुढं सरका" करत मला जागा धरून दिली. पुढं सरका हा त्यांचा मंत्रच होता. दवाखान्याच्या रांगेतसुद्धा ते लोकांना पुढं सरकवायचे, आणि लोक सरकायचे.

तिथल्या नाचाच्या सरांनी पहिल्याच दिवशी मला वर्गासमोर चालायला लावलं. मी चालले. सर म्हणाले, "तुझ्या पायाखालची जमीन कोणी ओढून नेतंय का? पाय एवढे फाकवून का टाकतेस? आणि मधेच थांबतेस कशाला?" सगळा वर्ग हसला. मेल्यांची तोंडं अजून आठवतात मला. ती चाल मोडण्यात माझं एक वर्ष गेलं.

रिटायर झाल्यावर वर्षभरातच पप्पा गेले. सकाळी दाढी करता करता, अर्धा गाल साबणाचा तसाच. दोन वर्षं झाली त्याला. नंतर बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा रेणापूरचा, शाळेत मास्तर, शांत. बहीण दवाखान्यात नर्स, अजिबात शांत नाही. हॉल लातूरचा धरला, मुलाकडच्यांना जवळ म्हणून. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि लग्नाला महिना राहिला असताना एका संध्याकाळी ती माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसली.

"ताई, मला पप्पा पाहिजेत."

मला वाटलं, रडायला आलीय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. तिनं तो झटकला. "रडून न्हाई राहिले मी. काम सांगून राहिले. पप्पा म्हणाले होते, तुझ्या लग्नात मी म्होरं चालीन, गर्दी सरकवत, तू माझ्या मागून ये. तू लोकाच्या पोरी भिंतीवर चालवतीस ना? मग आपला बाप चालव. ते म्होरं चालले न्हाई तर मी स्टेजवर चढणार न्हाई."

"वेडी झालीस का तू?"

"हाव," ती म्हणाली आणि उठून गेली.

ती बोलली म्हणजे करणार, हे मला पक्कं माहीत होतं. लहानपणी एका फ्रॉकपायी तिनं दोन दिवस पलंगाखाली काढले होते, जेवण तिथं सरकवावं लागायचं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात लालूच शिरली. पप्पांनी माझा एकही नाच बघितला नाही. आता निदान ते माझ्या नाचात असतील, असं काहीतरी डोक्यात आलं.

आईनं ऐकलं आणि भाकरीचं पीठ तसंच टाकून बाहेर आली. "जिते होते तवा कुणी त्यांला बसा म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "आता मेल्यावर परत ड्युटी लावून राहिल्या का? करा काय करायचं ते. मी बघणार न्हाई. पाठ करून बसीन." आणि परत पीठ मळायला गेली.

कामाला लागल्यावर पहिली अडचण समजली. पप्पांचे फोटो होते मोजून सहा, आणि पायापर्यंतचा एकच, रिटायरमेंटचा. अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर आता घरी जाऊ का असा भाव. त्यावरून कॉम्प्युटरनं पप्पा तयार केले. झकास केले, पण नारळ काही केल्या सुटेना. मशीनला तो हाताचाच भाग वाटला. पप्पांचा हात हलला की नारळ हलायचा, मान वळली की नारळही वळायचा. नारळाला तसे तीन डोळे असतातच. एकदा तर कॉम्प्युटरनं त्याला पप्पांचा चष्मा घातला. मी आठ दिवस तो नारळ पुसत होते. पुसला की दुसऱ्या हातात उगवायचा. शेवटी म्हटलं, जाऊ दे बाई, मान म्हणून मिळालाय, राहू दे.

दुसरी अडचण मोठी. हे पप्पा चालणार कसे? चाल कुठून आणायची? हालतेचालते पप्पा एकाच ठिकाणी सापडले, आत्याच्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओत. ते खुर्च्या उचलून नेतायत. नेमकं तिथंच शूटिंगवाल्यानं आपली कला दाखवलेली. पडदाभर गुलाब उमलतो, पाकळ्या पडतात, आणि पाकळ्यांतून नवरीचा चेहरा वर येतो. पप्पांचं एक कोपर उरलं आणि खुर्चीचे चार पाय. मी तो गुलाब बघून एवढी चिडले की त्या शूटिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्या काळात गुलाबाला लई डिमांड होती."

मग मी माणसं बोलावली. एका रविवारी दुपारी चारला आमच्या गच्चीवर पप्पांची चाल दाखवायला काका आले, आत्या आली, आणि पप्पांच्या गाडीवरचे ड्रायव्हर मामा आले. शेजारचे दोघं-तिघं आपणहून आले. आईनं सगळ्यांना पोहे दिले आणि खाली निघून गेली.

काकांनी सुरुवात केली. काका तहसीलला क्लार्क. छाती पुढं, हात मागं, गच्चीभर एक चक्कर. "दादा असा चालायचा. रुबाबात."

"अगं माय!" आत्या ओरडली. "हे तर तूच चालून राहिलास! माझा भाऊ खाली बघून चालायचा. गरीब होता बिचारा."

"गरीब? मी बघितलं न्हाई का त्याला?"

"तू कवा बघितलंस? तू तर परभणीला होतास."

दोघांचं जुंपलं. आत्यानं पदर खोचला आणि स्वतः चालून दाखवायला निघाली. पट्ट्या बांधून घ्यायला तयार नव्हती, म्हणून मी तिला नुसत्या कॅमेऱ्यानं घेतलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना साडीतल्या बाईला दोन पाय असतात हे कोणी सांगितलेलं नसावं. त्यानं आत्याला एकच पाय दिला. पडद्यावर शालवाले पप्पा नारळ घेऊन एका पायावर उड्या मारत गेले. काका हसून हसून खाली बसले. आत्या पडद्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "खाली बघून चाललाय का न्हाई, ते बघ."

मी ड्रायव्हर मामांकडं वळले. वीस वर्षं एका गाडीत काढलेला माणूस, याला तरी आठवत असणार. मामांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "पोरी, मी काय सांगू? मी जन्मभर म्होरं बघितलं. तुझा बाप मला आरशात दिसायचा, तोबी छातीपर्यंत. पाय होते का न्हाई, मला काय मालूम? त्यानं बेल मारली की मी गाडी हाणायचो." मामांनी बशी परत उचलली. मग म्हणाले, "बेल लई साफ मारायचा."

सगळे गेल्यावर मी गच्चीवरच बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती. नाचणाऱ्याच्या करंगळीचं पेर कोणत्या क्षणाला वळलं हे मी सांगू शकते, तेच माझं शिक्षण, आणि ज्या माणसानं मला जागा धरून दिली त्याची चाल मला आठवत नव्हती. तो कायम माझ्या पुढं चालत असायचा, आणि माझं लक्ष कायम दुसरीकडं. खाली उतरून आईला विचारलं, "तुला तर आठवत असेल?"

"मी कवा बघितली?" आई म्हणाली. "ते यायचे तवा माझं तोंड भिंतीकडं."

खरंच होतं ते. आमचा स्वयंपाकाचा ओटा भिंतीला. दारापुढं नाली, नालीवर लाकडी फळी. संध्याकाळी फळी धडधड वाजली की आई भाकरीवरचा हात न थांबवता, मागं न बघता म्हणायची, "आले. पाणी ठेव गं." आमच्यापैकी जी जवळ असेल ती तांब्या भरायची. बहुतेक वेळा धाकटीच. पुढं नगरपालिकेनं नाली झाकली, फळी गेली, पण आई म्हणायचं ते म्हणतच राहिली.

शेवटी मी अंगाला सोळा पट्ट्या बांधल्या, वरून ढगळ पंजाबी ड्रेस घातला आणि बिलोलीच्या गाडीत चढले. म्हटलं, ज्या जमिनीवर ती चाल झाली ती जमीनच गाठावी. शेजारच्या आजीनं माझ्या मनगटाची पट्टी दाबून बघितली. "बीपीचं मशीन हाय का? माझंबी बघ की." नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. मी तिचा हात धरून आकडा सांगितल्यासारखं केलं, "चांगलं आहे आजी, मीठ कमी खा," तेव्हा सुटका झाली. मग मागच्या सीटवरून आणखी चार हात पुढं आले. सगळ्यांना मीठ कमी करायला सांगितलं.

गाडीवर कंडक्टर बाई होती, माझ्याच वयाची. तिला खरं काय ते सांगितलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "चालायचं कुठं असतंय ताई आमचं? दोन पावलं टाकायची, थांबायचं. तिकीट फाडायचं. दोन पावलं, थांबायचं. पाय रुंद ठेवा, न्हाई तर मांडीवर बसाल कुणाच्या." मी तिच्यामागं मागं गाडीभर फिरले. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. तिसऱ्या फेरीत माझ्याही नकळत मी एका माणसाला म्हणाले, "पुढं सरका." तो सरकला. कंडक्टर बाई हसली.

घरी येऊन ती चाल पप्पांच्या आकृतीला जोडली आणि आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर सोडली. शालवाले पप्पा आले. दोन पावलं, थांबले. नारळ थांबला. परत दोन पावलं. बहीण तोंडावर हात धरून उभी होती. "हाव," ती म्हणाली. "पप्पाच." आणि मग मात्र रडली. आई आत भांडी घासत होती, तिनं नळ आणखी मोठा सोडला.

लग्नाच्या दिवशी दुपारी बाराची वेळ. हॉल भरलेला. स्टेजवर मागं मोठी एलईडी वॉल, पुढं टेबलावर वंदनेसाठी फोटो, मेणबत्त्या, फुलं. ठरलं असं होतं की वॉलवर पप्पा उजवीकडून डावीकडं चालत जातील, आणि त्यांच्यामागून बहीण रॅम्पवरून वर चढेल. बहीण पांढऱ्या साडीत रॅम्पच्या तोंडाशी उभी. भंतेजी वर बसलेले, त्यांना पुढं शिरूर अनंतपाळला आणखी एक लग्न लावायचं होतं, ते शांतपणे घड्याळ बघत होते. पहिल्या रांगेत, रॅम्पच्या अगदी जवळ, आई. तिनं खुर्ची उलटी फिरवून स्टेजकडं पाठ केलेली. येणारा जाणारा विचारायचा, "वहिनी, उलट्या कामून बसल्या?" आई म्हणायची, "वारं लागतंय इकडून." पंखा दुसऱ्या बाजूला होता.

मी वॉलच्या माणसाला हात केला. तोंडात गुटखा भरलेला तो गृहस्थ, त्यानं अंगठा दाखवला आणि बटण दाबलं.

पप्पा आले. पण तुकड्यांनी. ज्या चौकटी जोडून वॉल बनते, त्यांच्या वायरी त्यानं उलटसुलट जोडलेल्या. वरच्या ओळीत पप्पांचे पाय, डावीकडं कोपऱ्यात शाल, खाली मधोमध डोकं, आणि नारळ एकटाच पडदाभर फिरतोय. पाय छताजवळून दोन पावलं टाकून थांबले. अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. काका हात जोडून उभे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "लई मॉडर्न केलंय." आत्या म्हणाली, "ओळखू येतोय की!"

मी धावत त्या माणसाकडं गेले. "अहो, काय करून राहिलात? पाय वर गेलेत!"

"पाय आले ना मॅडम?" तो म्हणाला. "डोकंबी आलंय. थांबा, मी सरळ करतो." त्यानं एक वायर ओढली आणि सगळी वॉल काळी पडली. मधोमध निळ्या अक्षरांत सिग्नल नाही असं आलं.

मी बहिणीकडं बघितलं. ती हलली नव्हती. तिनं माझ्याकडं बघून फक्त मान हलवली, नाही म्हणून. तिच्या शेजारी नवरदेव, तो बिचारा कधी पडद्याकडं बघे, कधी भंतेजींकडं. सासूबाई येऊन म्हणाल्या, "चल बाई, वेळ होतोय." ती म्हणाली, "पप्पा आले न्हाईत अजून." साऱ्या हॉलला ऐकू गेलं ते. कुजबुज सुरू झाली. महिनाभर राबले, पट्ट्या बांधल्या, अर्ध्या बिलोलीला मीठ कमी करायला लावलं, आणि पोरीला तिचा बाप एका वायरीमुळं मिळत नाही? मुख्य वायर वॉलच्या मागं, पलीकडच्या टोकाला होती. तिथं जायचा रस्ता एकच, स्टेजवरून.

वायरी ओढायच्या म्हणून साडीखाली मी जाड तळव्याचे बूट घातले होते. तशीच रॅम्प चढून वर गेले. स्टेज प्लायवूडचं, आतून पोकळ, धडधड वाजत होतं. आणि वर ही गर्दी! दोन फोटोवाले, नवऱ्याचे मामा, मित्र, कोणाची तरी लहान मुलं, मधेच ट्रायपॉड. दोन पावलं टाकली की कोणीतरी आडवं. थांबायचं. "सरका." परत दोन पावलं. थांबायचं. रागानं माझे कान तापले होते. पाय फाकवून, तोल सांभाळत, वायरी ओलांडत मी चालले होते. "अहो, पुढं सरका की. पुढं सरका."

"आले," माझ्या मागून आईचा आवाज आला. "पाणी ठेव गं."

मी जागच्या जागी थांबले. खाली बघितलं. आईची पाठ तशीच स्टेजकडं होती, हातातल्या फुलांच्या पाकळ्या ती सोडवत होती, तो हातही थांबला नव्हता. आत्यानं तिच्या खांद्याला हात लावला. आई सावकाश वळली. वर मी उभी, साडी खोचलेली, बूट दिसतायत. ती माझ्याकडं, मग माझ्या पायांकडं बघत राहिली. मग उठली, खुर्ची सरळ केली आणि स्टेजकडं तोंड करून बसली.

फोटोवाला विचारत होता, मॅडम बाजूला होता का. मला हलता येईना. मग रॅम्पवर पावलं वाजली, हलकी, पैंजणांची. ओंजळीतली फुलं कुठंतरी ठेवून, पाण्याची बाटली हातात घेऊन बहीण वर चढत होती. ती माझ्यामागं दोन पावलांवर येऊन थांबली आणि बाटली पुढं केली. तिचे डोळे भरले होते.

मी घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि राहिलेली गर्दी सरकवत पुढं निघाले. ती माझ्या मागून आली.